आजीच्या कांड्या आणि ब्राउझरचा अंदाज

आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरात माग आतल्या खोलीत आणि आजी उंबऱ्याशी. तिचं काम कांड्या, म्हणजे सूत गुंडाळायच्या नळ्या, भरायचं. मागात आडवं सूत नेणाऱ्या धोट्यातली कांडी संपली की माग थांबतो, आणि थांबलेला माग म्हणजे बुडालेली मजुरी. म्हणून कुणी मागायच्या आत तिच्या टोपलीत भरलेल्या कांड्या तयार असायच्या, चादरीच्या रंगांप्रमाणे. अडचण एवढीच, की दारावरून जाणाऱ्याने टोपलीत डोकावलं तर आमच्याकडे कुठली ऑर्डर लागली आहे ते त्याला लगेच कळायचं. आजी टोपलीवर फडकं टाकायची. मला वाटायचं, धुळीसाठी.

फोनवरचा किंवा कॉम्प्युटरवरचा ब्राउझर दिवसभर अशाच कांड्या भरत असतो. तुम्ही एंटर दाबायच्या आधी.

त्याला एवढी घाई का, हे हिशोब केल्यावर कळतं. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो. सोलापूरहून मुंबई ४०० किलोमीटर धरली, तर निरोप जाऊन यायला ४ मिलिसेकंद. पण सर्व्हर, म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते तो कॉम्प्युटर, अमेरिकेत असेल तर एका बाजूचं अंतर १३ हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे एका खेपेला किमान १३० मिलिसेकंद. आणि एका खेपेत भागत नाही. आधी साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता विचारायचा. याला डीएनएस म्हणतात. मग त्या पत्त्यावर जोडणी करायला एक खेप, ती कुलूपबंद करायला, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येऊ नये अशी करायला, निदान आणखी एक (हे कुलूप लावायच्या टीएलएस या पद्धतीच्या २०१८च्या आवृत्तीत एक, आधीच्या आवृत्तीत दोन). म्हणजे पान मागायच्या आधीच पाव सेकंद गेला. प्रकाशाचा वेग तर कुणाला वाढवता येत नाही. मग या खेपा आधीच मारून ठेवायच्या, एवढाच मार्ग उरतो.

ब्राउझर ते बेताबेताने करतो. अंदाज कच्चा असेल तर नुसता पत्ता विचारून ठेवतो. जरा पक्का असेल तर जोडणी करून ठेवतो. फारच खात्री असेल तर अख्खं पान पडद्यामागे उघडून मांडून ठेवतो, मग एंटर दाबताच ते समोर येतं आणि आपण म्हणतो, आज नेट काय मस्त चाललंय!

ही खात्री डोळ्यांनी बघता येते. क्रोममध्ये ॲड्रेस बारमध्ये ‘क्रोम’, मग अपूर्णविराम, दोन तिरक्या रेघा आणि ‘प्रेडिक्टर्स’ असं इंग्रजीत टाइप केलं की एक तक्ता उघडतो. तुम्ही कुठली अक्षरं टाइप केली, त्यावरून कुठली साइट उघडली, अंदाज किती वेळा बरोबर आला, किती वेळा चुकला. खात्री ५० टक्क्यांच्या वर गेली की ओळ पिवळसर होते आणि जोडणी आधी होते. ८० टक्क्यांच्या वर हिरवी, मग पानच आधी उघडतं. माझ्या तक्त्यात ‘एसयू’ या दोन अक्षरांपुढे विद्यापीठाच्या निकालाची साइट होती, हिरवीगार. ९ वेळा बरोबर, १ वेळा चूक. भाचा सुट्टीत माझ्या लॅपटॉपला चिकटून निकालाची वाट बघत होता, त्याची ही खूण. त्याची धाकधूक अशी आकड्यांत नोंदलेली बघून मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

तक्ता माझ्याच मशीनवर असतो, तोवर ठीक. पण खेप मारली की ती बाहेर दिसते. साध्या डीएनएसमध्ये साइटचं नाव उघड्या अक्षरांत जातं, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्याला कळतं. जोडणी केली की समोरच्या सर्व्हरला तुमचा आयपी पत्ता कळतो. तुम्ही तिथे गेलेला नसता तरी! श्रीनिवास कृष्णन आणि फॅबियन मोनरोज या संशोधकांनी २०१०मध्ये दाखवलं, की शोधाच्या निकालांतल्या दुव्यांचे पत्ते ब्राउझर आधीच विचारून ठेवतो, आणि त्या नावांच्या घोळक्यावरून माणसाने काय शोधलं असावं याचा माग काढता येतो. आजाराचं नाव शोधलंत, एकही दुवा उघडला नाहीत, तरी टोपली उघडी.

उपाय निघाले आहेत. डीएनएसचा प्रश्न कुलूपबंद पाठवता येतो. पण मग तो पुरवठादाराऐवजी दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीला दिसतो, म्हणजे टोपली झाकली आणि शेजारणीकडे ठेवायला दिली. गूगलने मधला दूत वापरून पान आधी आणायची सोय केली. त्यात साइटला तुमचा पत्ता दिसत नाही आणि दूताला मजकूर दिसत नाही, पण दूत गूगलचाच. ओळख लपवण्यासाठीच बनवलेला टॉर ब्राउझर तर असे अंदाज करतच नाही आणि संथपणा पत्करतो.

माझं मत विचाराल तर मी दोन अंदाजांत फरक करतो. मी स्वतः अक्षरं टाइप केली आणि ब्राउझरने माझ्या सवयीवरून ओळखलं, हे मला चालतं. पण एखादं पान ब्राउझरला सांगतं की या दहा दुव्यांकडे आधीच जाऊन ये, तेव्हा त्यात माझा हेतू कुठेच नसतो. क्रोमच्या सेटिंगमध्ये पानं आधी लोड करायचा पर्याय बंद करता येतो. मी फोनवर तो बंद ठेवला आहे, लॅपटॉपवर चालू.

भाचा आता पास होऊन पुण्याला नोकरीला आहे. मी सुताचे भाव बघायला ‘एसयू’ने सुरुवात करतो, आणि दर वेळी त्या ओळीत एक चूक वाढते. परवा पाहिलं, ९ बरोबर, ६ चूक. हिरवी ओळ पिवळसर झाली आहे. म्हणजे अजूनही, सुताचा ‘टी’ टाइप व्हायच्या आत, आमच्या घरून निकालाच्या सर्व्हरचं दार एकदा वाजतं.