पोच अडकली की पार्सलही थांबतं

साताऱ्याला बहिणीकडे अजून टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरचं ब्रॉडबँड आहे. येण्याच्या बाजूला ८ मेगाबिट, जाण्याच्या बाजूला जेमतेम अर्धा. सुट्टीत भाच्याने त्यावर टॉरंटने, म्हणजे एकच फाइल अनेकांकडून तुकड्या-तुकड्यांनी घेण्याच्या पद्धतीने, उबुंटू ही संगणक चालवणारी मोफत प्रणाली उतरवायला घेतली आणि तासाभरात त्याचा फोन आला. "मामा, सेकंदाला ६० केबीच्या वर जातच नाही. आणि आई ओरडतेय, तिचं व्हॉट्सअ‍ॅपसुद्धा अडकलंय."

बऱ्याचदा अशी तक्रार बिट आणि बाइटच्या गोंधळातून येते. कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते, टॉरंटचं सॉफ्टवेअर तो बाइटमध्ये दाखवतं, आणि एका बाइटचे आठ बिट. त्यामुळे ८ मेगाबिटच्या लाइनवर सेकंदाला १ एमबीहून जास्त कधीच दिसणार नाही. पण ६० केबी हे त्याच्याही कितीतरी खाली. पोराचं म्हणणं खरं होतं.

टॉरंट बंद करून त्याला स्पीड टेस्ट लावायला सांगितली. सात मेगाबिट आले. म्हणजे तार ठीक, मोडेमही ठीक. मग पिंग चालू ठेवून टॉरंट पुन्हा सुरू करायला सांगितलं. पिंग म्हणजे एक छोटा संदेश दूरच्या संगणकापर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. तो फोनवर आकडे वाचत होता: ३०, ३१, ३०, मग ४००, ११००, १९००. मिलिसेकंदात. तीस मिलिसेकंदाच्या वाटेला जवळजवळ दोन सेकंद लागत होते. दुखणं कुठे आहे ते तिथेच कळलं. येणारी वाट मोकळी होती, जाणारी तुंबली होती.

जाणारी वाट तुंबली तर येणारा माल का थांबावा? कारण इंटरनेटवर माल पोच पावतीवर चालतो. टीसीपी नावाच्या पद्धतीत पाठवणारा मालाचे छोटे तुकडे, म्हणजे थोडी पाकिटं, पाठवतो, 'मिळालं' अशी पोच आली की पुढची सोडतो. पोच उशिरा आली तर तो हात आखडता घेतो. साधारण दर दोन पाकिटांमागे एक पोच जाते. सात मेगाबिटने माल येत असेल तर १५०० बाइटची सेकंदाला सुमारे ५८० पाकिटं येतात, म्हणजे २९० पोचपावत्या परत जायला हव्यात. एक पोच तशी ४० बाइटची, पण या तारेवर ती ५३ बाइटच्या दोन डब्यांत बसून जाते. हिशेब मांडला तर नुसत्या पोचपावत्यांना अडीचशे किलोबिटच्या आसपास जागा लागते. अर्ध्या मेगाबिटची जवळजवळ निम्मी वाट!

आणि टॉरंट ती सगळी वाट व्यापतं. त्याचा स्वभावच तो आहे. ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये ते बनवलं तेव्हा फाइलचे तुकडे घेणाऱ्यानेच ते इतरांना वाटायचे, असा नियम ठेवला. जो आपल्याला देतो त्याला आपण आधी द्यायचं, आणि अधूनमधून एखाद्या अनोळखीलाही देऊन बघायचं. फार सुंदर कल्पना आहे ती. पण मर्यादा घातली नाही तर जाणारे तुकडे मोडेमच्या रांगेत साठतात आणि बिचारी पोच त्यांच्या मागे उभी राहते. मोडेममध्ये १२८ केबीची रांग मावत असेल, तर अर्ध्या मेगाबिटने ती रिकामी व्हायला दोन सेकंद लागतात. पिंगमध्ये दिसले तेच दोन सेकंद.

मेमरी स्वस्त झाली तशा उपकरणांतल्या रांगा लांबत गेल्या, पाकीट गळू नये या सद्हेतूने. २०१० मध्ये अमेरिकेतल्या जिम गेटिस यांना घरच्या लाइनवर हाच त्रास झाला. त्यांनी तो खणून काढला आणि त्याला 'बफरब्लोट' असं नाव दिलं. उपाय २०१२ मध्ये आला, कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांच्याकडून. जेकबसन हे तेच, ज्यांनी १९८६ च्या ऑक्टोबरात बर्कलीमध्ये चारशे यार्डांच्या टप्प्यावरचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर कोसळताना पाहिला होता आणि मग टीसीपीला गर्दीत कसं वागायचं ते शिकवलं. नव्या पद्धतीचं नाव कोडेल. रांग किती लांब आहे यापेक्षा पाकीट रांगेत किती वेळ उभं आहे, हे ती मोजते, आणि तो वेळ बराच काळ ५ मिलिसेकंदांच्या वर राहिला की पाकिटं गाळायला लागते. पाठवणारा लगेच सावरतो. तुमच्या राउटरमध्ये अशी रांग सांभाळणारी एसक्यूएम नावाची सेटिंग असेल तर ती जरूर चालू करा.

भाच्याच्या जुन्या मोडेममध्ये ती नव्हती. टॉरंटमध्ये अपलोडच्या मर्यादेपुढे शून्य होतं, म्हणजे अमर्याद. तिथे २० केबी घालायला सांगितलं. अपलोडच्या ८० टक्के ठेवा असं सगळीकडे सांगतात, पण इतक्या लंगड्या लाइनवर तो ठोकताळा चालत नाही. निम्मी वाट पोचपावत्यांचीच असते. आणि मर्यादा शून्याच्या जवळ नेऊन ठेवणंही चुकीचं, कारण देणारे मग आपल्याला मागे टाकतात. मिनिटभरात पिंग चाळिशीत आलं आणि वेग चढत चढत ८०० केबीवर स्थिरावला.

फायबरवाल्यांचं दुखणं बहुधा वेगळं असतं. तिथे जायची वाटही रुंद असते, पण दार बंद असतं. इंटरनेटवरच्या प्रत्येक जोडणीला पत्ता लागतो, आणि आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे पत्ते सगळे मिळून सुमारे ४३० कोटी. आशिया-पॅसिफिकचा साठा एप्रिल २०११ मध्येच तळाला गेला. म्हणून अनेक कंपन्या कित्येक घरांना मिळून एकच पत्ता देतात. मोठ्या सोसायटीला एकच गेट आणि एकच वॉचमन असावा तसं. तुम्ही मागवलेलं आत येतं, पण अनोळखी पाहुण्याला कुठल्या फ्लॅटमध्ये सोडायचं हे वॉचमनला ठाऊक नसतं, म्हणून तो परत पाठवतो. टॉरंटचं अर्धं बळ अशा पाहुण्यांवर असतं. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर तुम्ही अशाच गेटच्या आत आहात. मग राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरच्यांसाठीची दारं, कितीही उघडा, उपयोग नाही. आयपीव्ही६ ही भरपूर पत्त्यांची नवी पद्धत चालू करा, किंवा कंपनीकडे स्वतंत्र पत्ता मागा. एवढं करूनही अडलं तर वाय-फाय सोडून एकदा केबल लावून बघा.

भाच्याच्या फाइलचे उरलेले चार जीबी दीड तासात उतरले. आता त्याचा संगणक रात्रभर तीच फाइल इतरांना वाटत असतो, सेकंदाला २० केबीने, आणि बहिणीचा नागपूरला आईशी व्हिडिओ कॉल त्याच लाइनवर चालू असतो.