परदेशी शेड्यूलमधला ‘क्युम’: एका आकड्याची पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या फौंड्र्यांकडे, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांकडे, परदेशी ग्राहकांचे शेड्यूल (कधी किती माल हवा याचे वेळापत्रक) फायलींतून येऊ लागले, तोवर त्या फायलींचे साचे ठरून गेले होते. अमेरिकेत अशा फायलींच्या एक्स-12 या प्रमाणकाची समिती 1979 मध्ये स्थापन झाली, एडिफॅक्ट या आंतरराष्ट्रीय प्रमाणकाचे व्याकरण 1987 मध्ये मान्य झाले, आणि जर्मन वाहन उद्योगाकडे 128 अक्षरांच्या ओळींचा स्वतःचा साचा होता. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या पुरवठादारांच्या वाट्याला मॅपिंग आले, म्हणजे फाइलमधली कुठली जागा आपल्या ईआरपीच्या (कारखान्याचा हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) कुठल्या रकान्यात टाकायची हे ठरवणे. त्यात सगळ्यात जपायचा आकडा म्हणजे क्युम, मालाची आजवरची बेरीज.

या साच्यांचा बाह्य भाग एकदा नीट बसवला की पुन्हा त्रास देत नाही. एक्स-12 ची पहिली ओळ, आयएसए, नेमकी 106 अक्षरांची असते. तिचे चौथे अक्षर रकाने वेगळे करते आणि शेवटचे अक्षर ओळ संपवते. एडिफॅक्टमध्ये हीच माहिती यूएनए या सुरुवातीच्या ओळीच्या नऊ अक्षरांत मिळते. ही चिन्हे फाइलमधूनच वाचून घ्यावीत. कोडमध्ये कायमची लिहून ठेवली, तर पुढच्या ग्राहकाची फाइल उघडतच नाही. ड्रॉइंग नंबरात अधिकचे चिन्ह असेल तर एडिफॅक्टमध्ये त्याच्या आधी प्रश्नचिन्ह लागते. ते राहिले की नंबर मधोमध तुटतो.

खरा गुंता आहे तो क्युमचा. ठरलेल्या तारखेपासून आजवरची एकूण मात्रा म्हणजे क्युम. प्रत्येक तारखेची सुटी मात्रा पाठवायची की क्युम, यावर दोन पक्ष कायम राहिले आणि प्रमाणकांनी दोघांनाही जागा दिली. एक्स-12 च्या 830 या शेड्यूलच्या साच्यात बीएफआर ओळीच्या पाचव्या रकान्यात ए असेल तर मात्रा सुट्या, सी असेल तर क्युम. एडिफॅक्टच्या डेलफोर या शेड्यूलच्या साच्यात क्यूटीवाय ओळीचा कोड तेच काम करतो: 1 म्हणजे सुटी, 3 म्हणजे क्युम. 4905 या जर्मन शेड्यूल-साच्याने मधला मार्ग काढला. तिथे मागणी सुटी असते, पण त्यासोबत ग्राहकाला मिळालेल्या मालाचा क्युम आणि शेवटच्या पोचलेल्या चलनाचा (मालासोबत जाणाऱ्या कागदाचा) क्रमांक येतो. त्यातच तारखेच्या जागी 333333 आले तर ती थकबाकी आणि 444444 आले तर तातडीची गरज. हे न कळणारा मॅप ‘तारीख चुकीची’ म्हणून सगळ्यात निकडीची ओळच फेकून देतो.

सुट्या मात्रांच्या पक्षाचे म्हणणे सरळ आहे: पुरवठादाराला आठवड्याला किती नग हवेत ते सांगा, हिशेब ग्राहकाने ठेवावा. शेजारच्या कारखान्यासाठी ते ठीक. पण कोल्हापूरहून न्हावा शेवामार्गे जाणारा कंटेनर कित्येक आठवडे समुद्रात असतो, आणि ग्राहकाची फाइल तो माल मोजत नाही. इथे क्युमच उपयोगी पडतो. शिवाय एखादी फाइल वाटेत हरवली तरी पुढची फाइल पूर्ण हिशेब घेऊन येते.

एका हाउसिंगचे, म्हणजे यंत्राच्या ओतीव कवचाचे, उदाहरण घेऊ. ग्राहकाचा मिळालेला क्युम 12,400 आणि शेवटचे पोचलेले चलन 00003187. त्यानंतर आपण 600 नगांचे तीन कंटेनर पाठवले, म्हणजे आपला पाठवलेला क्युम 14,200. शेड्यूलमध्ये पुढचे तीन आठवडे प्रत्येकी 1,200 नग, एकूण 3,600. ही मागणी जशीच्या तशी ईआरपीत गेली तर मोल्डिंग विभागाला 3,600 चा आदेश सुटतो. बरोबर हिशेब असा: 12,400 अधिक 3,600 म्हणजे 16,000, त्यातून 14,200 वजा, शिल्लक 1,800. पहिला आठवडा पूर्ण आणि दुसऱ्याचा अर्धा भाग समुद्रावरच आहे. निम्मे कास्टिंग उगाच ओतायचे, त्याचे लोखंड, वीज आणि जागा अडकवायची, हे कुठल्याच फौंड्रीला परवडत नाही.

रिजेक्शन आले की ग्राहकाच्या आणि आपल्या वहीत फरक पडतो. ब्लो होलमुळे (कास्टिंगमधल्या हवेच्या पोकळीमुळे) 150 नग नाकारले तर एक ग्राहक क्युम 12,250 वर आणतो. दुसरा क्युम तसाच ठेवून बदली मालाची वेगळी ऑर्डर देतो. पहिल्या प्रकारात आपल्या वहीत ते 150 नग कायमचे ‘वाटेत’ राहतात आणि तेवढा माल कमी पडतो. म्हणून प्रत्येक फाइल आत घेताना एकच तपासणी सक्तीची हवी: 00003187 पर्यंतचा आपला क्युम ग्राहकाच्या क्युमशी जुळतो का? जुळत नसेल तर फाइल थांबवावी आणि फरक डिस्पॅचवाल्यापुढे ठेवावा. त्यासाठी चलनानिहाय क्युम आपल्याकडे साठवलेला लागतो. नुसता चालू आकडा पुरत नाही.

देशी ग्राहकांनी बहुधा पोर्टलची वाट धरली. तिथून उतरवलेली फाइल एक्सेलमध्ये उघडली की पार्ट नंबराच्या सुरुवातीचे शून्य गळते, आणि आकड्यांच्या मध्ये इंग्रजी ई असेल तर नंबर घातांकात जातो. तो रकाना आधीच मजकूर म्हणून वाचायला लावणे हाच उपाय.

जीएसटी आल्यावर नंबरांचा प्रश्न नव्याने उभा राहिला. ई-इन्व्हॉइसिंग 1 ऑक्टोबर 2020 ला 500 कोटींवरच्या उलाढालीपासून सुरू झाले आणि 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींवर आले, त्यामुळे मध्यम फौंड्र्याही त्यात आल्या. जीएसटीच्या बिलाचा नंबर 16 अक्षरांपर्यंत, त्यात तिरकी रेघ चालते आणि तो आर्थिक वर्षापुरता एकमेव असावा लागतो. 4913 या जर्मन डिस्पॅच-साच्यात चलनाच्या क्रमांकाला मात्र आठच अंकांची जागा आहे. ‘केएलपी/24-25/00187’ कापून 00187 पाठवला तर एप्रिलनंतर तोच क्रमांक पुन्हा जातो, ग्राहकाची प्रणाली तो दुबार समजून नाकारते, आणि माल पोचूनही क्युम वाढत नाही. डिस्पॅचसाठी आठ अंकी स्वतंत्र क्रमांक ठेवावा, तो 1 एप्रिलला पुन्हा एकपासून सुरू करू नये, आणि बिलाचा नंबर त्याच्याशी ईआरपीत जोडून ठेवावा. ग्राहकाचा क्युम शून्यावर येण्याची तारीख वेगळी असते, कुणाची जानेवारीत तर कुणाची नव्या मॉडेलच्या वेळी. ती प्रत्येक ग्राहकाच्या मॅपमध्येच नोंदवावी.