कॅल्शियम कमी की व्हिटॅमिन डी कमी? दुखणं एकच वाटतं पण तसं नाहीये

आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात बाईमाणसाची कंबर धरली की शेजारची लगेच सांगणार, "कॅल्शियम कमी झालाहा गो तुझा", आणि मेडिकलमधून गोळ्यांची बाटली घरी येते. माझं म्हणणं एवढंच की आधी डी तपासा.

कॅल्शियम पोटातून मिळतं. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम, वर जवळा, काट्यासकट खाल्लेली मांदेली, म्हणजे आपलं ताट त्यात कमी नाही. पण ते आतड्यातून रक्तात नीट जायला डी लागतं, आणि डी मुख्यतः उन्हात कातडीत बनतं, तारली-बांगड्यातून थोडंफार. डी नसेल तर भाकरी खा नायतर गोळ्या, बरंचसं कॅल्शियम तसंच बाहेर जातं.

रिपोर्टमध्ये फसायला होतं ते इथे. रक्तातलं कॅल्शियम घटायला लागलं की शरीर हाडांतून काढून भरून घेतं, त्यामुळे तो आकडा नॉर्मल येतो, माणूस निर्धास्त होतो आणि हाडं आतून मऊ होत राहतात. म्हणून '25 हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी' हीच टेस्ट सांगा, 20 ng/mL च्या खाली म्हणजे कमी.

लक्षणं बघा. ओठांभोवती, बोटांत मुंग्या, हाताला पेटके येणं हे रक्तातलं कॅल्शियम खरंच घसरल्याचं, तेव्हा थांबू नका, लगेच डॉक्टर गाठा. डी कमी असेल तर कंबर, मांड्या बारीक ठणकतात, नडगीचं हाड दाबलं तरी दुखतं, आणि विळीवरून उठताना हाताचा टेकू लागतो, घाटी चढताना पाय भरून येतात.

समुद्रकाठी ऊन कमी का, असं सगळेच विचारतात. पण सकाळच्या कोवळ्या उन्हात डी बनवणारे किरण फारच कमी असतात, ते 11 ते 3 मध्ये मिळतात, तेव्हा आपण घरात नायतर डोक्यापासून पायापर्यंत झाकलेले, आणि पावसाळ्याचे चार महिने तर ढगच.

डी कमी निघालं की डॉक्टर बहुतेक 60,000 युनिटची पुडी देतात, आठवड्याला एक, साधारण 8 आठवडे, जेवणानंतर. ती रोज घेऊ नका प्लीज, डी जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम वाढून उलट्या होतात, किडनीवर येतं. मुतखडा असेल तर आधीच सांगा.

आणि तान्ह्या बाळाला डॉक्टरांनी रोजचे 400 युनिटचे थेंब दिले असतील तर "एवढ्याशा पोराला कशाला औषध" म्हणून बंद करू नका, आईच्या दुधात डी फारच कमी असतं.