केमॅलॉक की व्हीमॅलॉक: ड्रायव्हरसाठी मेमरी मागताना

लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या गाभ्यात, मेमरी मागायची केमॅलॉक आणि व्हीमॅलॉक ही दोन फंक्शन्स आहेत. लिनक्सचे ड्रायव्हर नव्याने लिहू लागलेले बरेचजण त्यांबद्दल एक नियम पाठ करून येतात: छोटी मेमरी हवी तर केमॅलॉक, मोठी हवी तर व्हीमॅलॉक. नियम अगदीच खोटा नाही, पण अपुरा आहे. आधी ठरवायचं ते हे की मेमरीला फक्त सीपीयू हात लावणार, की हार्डवेअरही.

दोन्ही फंक्शन्स पॉइंटर देतात आणि दोन्हींचे व्हर्च्युअल पत्ते, म्हणजे प्रोग्रामला दिसणारे पत्ते, सलगच असतात. म्हणूनच घोटाळा होतो. केमॅलॉकची मेमरी प्रत्यक्ष रॅममध्येही सलग असते. व्हीमॅलॉक मात्र जिथे मिळतील तिथून ४ केबीची सुटी पेजेस (मेमरीचे ठरावीक तुकडे) गोळा करतं आणि पेज टेबलमध्ये, म्हणजे कुठला व्हर्च्युअल पत्ता रॅममध्ये कुठे आहे त्या तक्त्यात, नव्या नोंदी करून ती सलग भासवतं. त्याचा खर्च आहेच: टीएलबीवर, म्हणजे पेज टेबलच्या नोंदींच्या सीपीयूतल्या कॅशवर, ताण येतो, आणि १०० बाइट मागितले तरी अख्खं पेज जातं. केमॅलॉकही थोडी उधळपट्टी करतं. ४१०० बाइट मागितले की ८१९२ चा तुकडा हातात येतो.

आयओएमएमयू (डिव्हाइससाठी पत्ते बदलून देणारं हार्डवेअर) नसलेल्या मशीनवर डीएमए करणाऱ्या, म्हणजे सीपीयूला मध्ये न घेता थेट मेमरी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या, डिव्हाइसला सीपीयूचं पेज टेबल दिसत नाही. त्याला भौतिक, म्हणजे रॅममधला खरा पत्ता लागतो. व्हीमॅलॉकचा पॉइंटर 'व्हर्ट टू फिज'ला (व्हर्च्युअल पत्त्यावरून भौतिक पत्ता काढणाऱ्या फंक्शनला) दिला तर ते ठरलेली वजाबाकी करून भलताच पत्ता परत करतं, आणि डिव्हाइस दुसऱ्याच कुणाच्या तरी मेमरीवर लिहून मोकळं होतं. अलीकडची कर्नल्स 'डीएमए मॅप सिंगल'मध्ये, म्हणजे डीएमएसाठी बफर तयार करणाऱ्या फंक्शनमध्ये, असा पॉइंटर थेट नाकारतात आणि लॉगमध्ये इशारा छापतात. व्हीमॅलॉकच्याच बफरवर डीएमए करायचा असेल तर एकेक पेज शोधून स्कॅटरलिस्ट, म्हणजे विखुरलेल्या तुकड्यांची यादी, बनवावी लागते.

हाच सापळा स्टॅकवरही, म्हणजे फंक्शनची लोकल व्हेरिएबल्स राहतात त्या मेमरीतही, आहे. कर्नल ४.९ पासून एक्स८६-६४ (६४-बिट इंटेल/एएमडी) सीपीयूवर कर्नल स्टॅक व्हीमॅलॉकच्या भागात ठेवता येतो. लोकल ॲरेवर डीएमए करणारे कित्येक यूएसबी ड्रायव्हर तेव्हा उघडे पडले. चूक त्यांची जुनीच होती.

मग सगळीकडे केमॅलॉकच का नको? कारण सलग जागा मिळेलच असं नाही. १ एमबी म्हणजे शेजारीशेजारी २५६ पेजेस, बडी ॲलोकेटरच्या (पेजेस वाटणाऱ्या कर्नलच्या भागाच्या) हिशोबात ऑर्डर ८, म्हणजे २ चा ८ वा घात इतकी पेजेस. मशीन नुकतं सुरू झालेलं असताना ती सहज मिळतात, त्यामुळे चाचणी पास होते. काही दिवस चाललेल्या सर्व्हरवर मेमरीचे तुकडे पडलेले असतात. शेकडो एमबी मोकळे दिसत असूनही 'पेज ॲलोकेशन फेल्युअर' येतं. ऑर्डर ३ पर्यंत, म्हणजे ३२ केबीपर्यंत, कर्नल जागा मिळवायला बरीच धडपड करतं. त्यापुढे लवकर हात वर करतं. कुठल्या ऑर्डरचे किती तुकडे शिल्लक आहेत ते 'प्रॉक'मधल्या 'बडीइन्फो' फाइलमध्ये दिसतं. मोठा डीएमए बफर लागणारच असेल तर तो प्रोबमध्येच, म्हणजे डिव्हाइस सापडल्यावर चालणाऱ्या ड्रायव्हरच्या फंक्शनमध्येच, 'डीएमए अलॉक कोहेरंट'ने घेऊन ठेवा.

इंटरप्ट हँडलरमध्ये (हार्डवेअरने इशारा दिल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) किंवा स्पिनलॉक (मोकळं होईपर्यंत सीपीयूला फिरवत ठेवणारं कुलूप) धरलेला असताना झोपायला, म्हणजे थांबून सीपीयू दुसऱ्याला द्यायला, परवानगी नसते. तिथे केमॅलॉकला 'जीएफपी अटॉमिक' हा 'झोपू नकोस' सांगणारा फ्लॅग देता येतो, अर्थात नल (मेमरी मिळाली नाही असं सांगणारा रिकामा पॉइंटर) परत येण्याची तयारी ठेवूनच. व्हीमॅलॉक फ्लॅग घेतच नाही आणि झोपू शकतं, म्हणून अशा जागी ते वर्ज्य.

फक्त सीपीयू वापरणार अशा मोठ्या टेबलांसाठी, उदाहरणार्थ हॅश टेबल किंवा फर्मवेअरची प्रत, कर्नल ४.१२ पासून केव्हीमॅलॉक आहे. ते आधी केमॅलॉक करून बघतं, जमलं नाही तर गाजावाजा न करता व्हीमॅलॉककडे वळतं. डीएमएसाठी मात्र ते वापरू नये: चाचणीत सलग मेमरी मिळेल आणि ग्राहकाच्या मशीनवर नाही. ही मेमरी सोडताना केव्हीफ्रीच वापरा. व्हीमॅलॉकचा पॉइंटर केफ्रीला (केमॅलॉकची मेमरी सोडणाऱ्या फंक्शनला) दिला तर कर्नल कोसळू शकतं, आणि केव्हीमॅलॉक बहुतेक वेळा केमॅलॉकवरच भागवत असल्याने ही चूक महिनोन्‌महिने लपून राहते.