चष्मा लावून अचूक फोकस: कॅमेरा दुरुस्तीला टाकण्याआधी

"फोटो सॉफ्ट येतात, लेन्स बघा," असे सांगून आमच्याकडे दिलेल्या काही कॅमेऱ्यांना स्क्रूड्रायव्हर लावायची वेळच येत नाही. व्ह्यूफाइंडरशेजारची डायॉप्टरची, म्हणजे आतले दृश्य डोळ्याच्या नंबराशी जुळवणारी, छोटी चाकी बॅगेत घासून फिरलेली असते, इतकेच. चष्मेवाल्या ग्राहकाच्या ते लवकर ध्यानात येत नाही. धूसर दिसले की तो आधी स्वतःच्या नंबरवर शंका घेतो, मग लेन्सवर.

डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये तुम्ही पाहता ती आतल्या फोकसिंग स्क्रीनवर पडलेली प्रतिमा. ही स्क्रीन डोळ्याला साधारण एक मीटर लांब असल्यासारखी भासते. चाकी फिरवल्याने स्क्रीन तुम्हाला स्पष्ट किंवा अस्पष्ट दिसते, लेन्सचा फोकस मात्र जागचा हलत नाही. म्हणून ऑटोफोकसवर फोटो नीट येऊ शकतो. पण फोकस डोळ्यावर बसला की कानावर, हे टिपताना कळत नाही, आणि हाताने फोकस करायचा तर सगळाच अंदाज. फुल फ्रेमवर 85 मिमीची लेन्स एफ 1.8 ला उघडून दोन मीटरवरचा चेहरा घेतला, तर स्पष्ट भाग जेमतेम सहा सेंटिमीटर जाडीचा असतो. तिथे अंदाज चालत नाही.

चाकी अशी लावा. कामाच्या वेळी जो चष्मा घालता, तोच डोळ्यांवर ठेवा. लेन्स मॅन्युअलवर घेऊन कॅमेरा मोकळ्या आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे धरा. समोरचे दृश्य मुद्दाम अस्पष्ट करा, म्हणजे नजर तिकडे जाणार नाही. आता फक्त फोकस पॉइंटच्या चौकटी पाहा. मिररलेस असेल तर कडेचे आकडे. चाकी अधिक चिन्हाकडे नेऊन चौकटी धूसर करा, मग सावकाश उणेकडे या. जिथे त्या पहिल्यांदा रेखीव दिसतील तिथेच थांबा. त्यापुढे गेल्यावरही तरुण डोळा ताण घेऊन स्पष्ट पाहतो, आणि तासाभराने डोके दुखू लागते.

"चष्मा काढूनच चाकी लावली तर?" हे बरेच जण विचारतात. निकॉन डी 3500 ची चाकी उणे 1.7 ते अधिक 0.5 एवढीच जाते, सोनी अल्फा 7 थ्री ची उणे 4 ते अधिक 3. नंबर त्यात बसला, तरी सिलिंडरचा (तिरकस दिसण्याचा, अॅस्टिग्मॅटिझमचा) नंबर कुठलीच चाकी भरून काढत नाही. शिवाय मंडपात वरमाला कुठल्या बाजूने येते आहे, हे पाहायला चष्मा लागतोच. आमचा सल्ला स्पष्ट आहे: चष्मा राहू द्या.

चष्मा ठेवला की फ्रेमचे कोपरे कापले जातात, ही तक्रार खरी आहे. चष्म्याची काच डोळ्यापुढे साधारण 12 मिमीवर असते आणि डी 3500 चा आयपॉइंट, म्हणजे डोळा जितका मागे ठेवून पूर्ण फ्रेम दिसते ते अंतर, 18 मिमी आहे. म्हणजे उरते फारच थोडे. 1982 साली निकॉनने एफ 3 एचपी काढला, तो याच अडचणीसाठी; त्यात 25 मिमीवरूनही पूर्ण फ्रेम दिसते. नवा कॅमेरा घेताना मेगापिक्सेलबरोबर हा आकडाही विचारा, आणि चष्मा लावून स्वतः डोकावून पाहा.

चाळिशी लागलेल्यांना अडचण वेगळी असते. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्म्यात काचेचा वरचा भाग लांबचा आणि खालचा जवळचा. चाकी वरच्या भागातून पाहून लावा आणि फोटो काढतानाही मान सरळ ठेवा. हनुवटी वर गेली की नजर खालच्या भागातून जाते आणि चौकटी पुन्हा धूसर होतात.

पेंटॅक्स के 1000 किंवा निकॉन एफएम 2 सारख्या फिल्म कॅमेऱ्यांना चाकी नसते. त्यांच्या आयपीसवर, म्हणजे डोळा लावतो त्या भागावर, वेगळी काच बसवावी लागते, पण तिच्यावर छापलेला आकडा आणि तुमचा नंबर एकच असेल असे नाही, तेव्हा लावून पाहिल्याशिवाय घेऊ नका. एफएम 2 सारख्या कॅमेऱ्यात मध्यभागी स्प्लिट इमेज, म्हणजे दोन भागांत दुभंगलेले वर्तुळ असते, त्याचा मात्र मोठा आधार आहे. साडीचा काठ, दाराची चौकट अशी सरळ कड त्यात तुटलेली दिसते; ती जुळली की फोकस बसला.

एवढे करूनही फोटो सॉफ्ट येत असतील, तर कॅमेरा, लेन्स आणि फसलेले चार-पाच मूळ फोटो घेऊन या. चष्माही बरोबर असू द्या.