दोन जुन्या गाड्यांपासून एक गाडी बांधताना : मालकी आणि नोंदणीविषयी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बेळगावच्या उद्यमबागेतील आमच्या वर्कशॉपमध्ये जुन्या फियाट, अँबॅसेडर आणि विलीज जीप दुरुस्तीसाठी येतात. बऱ्याच ग्राहकांकडे एकाऐवजी दोन गाड्या असतात. एक वडिलांच्या वेळची, कागदपत्रे जपून ठेवलेली, पण खानापूरकडच्या पावसाने तळाचा पत्रा खाल्लेली. दुसरी कोल्हापूर किंवा गोव्याकडून स्वस्तात आणलेली, पत्रा शाबूत असलेली, पण आरसी बुकाचा (नोंदणी पुस्तकाचा) पत्ता नसलेली. या दोहोंतून एक चांगली गाडी उभी करून द्या, अशी मागणी असते. कारागिराच्या दृष्टीने हे काम अवघड नाही. मात्र तयार होणारी गाडी कायद्याच्या दृष्टीने दोहोंपैकी कोणती, हे पाना हातात घेण्यापूर्वीच ठरले पाहिजे, कारण रंगकाम झाल्यावर ही चूक सहसा दुरुस्त होत नाही.

गाडीची ओळख चेसीस (गाडीचा मूळ सांगाडा) क्रमांकावरून ठरते, नंबर प्लेटवरून किंवा इंजिनावरून नव्हे. जीपला लोखंडी चौकट वेगळी असते आणि तिच्यावर बॉडी बसवलेली असते. त्यामुळे बॉडीचा पत्रा बदलला तरी चौकट आणि तिच्यावरचा क्रमांक कायम राहतो. फियाट, पद्मिनी आणि अँबॅसेडर यांना अशी स्वतंत्र पूर्ण चौकट नाही. त्यांची बॉडी हीच चेसीस. साहजिकच ‘फक्त बॉडी बदलून द्या’ हे वाक्य जीपच्या बाबतीत दुरुस्तीचे असते, तर पद्मिनीच्या बाबतीत त्याचा अर्थ ‘दुसरी गाडी द्या आणि तिला पहिलीचे कागद लावा’ असा होतो. ग्राहकांच्या हे सहसा लक्षात येत नाही, आणि त्यात त्यांचा दोषही नाही.

यातून पळवाट म्हणून कधीकधी असे सुचवले जाते की, कुजलेल्या गाडीवरील क्रमांकाचा तुकडा कापून चांगल्या बॉडीवर वेल्डिंगने बसवावा, किंवा तोच क्रमांक नव्याने ठोकावा. हे काम आम्ही कोणत्याही किमतीला करत नाही. आरटीओमध्ये तपासणीच्या वेळी क्रमांकावर कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवली जाते आणि उमटलेली प्रिंट जुन्या नोंदीशी ताडून पाहतात. कडेला वेल्डिंगची रेघ, अक्षरांची असमान खोली किंवा घासलेला पत्रा दिसला की गाडी संशयित ठरते. दुसरी गाडी चोरीची निघाल्यास प्रकरण फौजदारी होते. चोरीचा माल जाणूनबुजून बाळगणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. क्रमांक खरोखर गंजून गेला असेल, तर आरटीओकडे अर्ज करून त्यांच्या लेखी परवानगीनेच तो पुन्हा ठोकता येतो.

इंजिनाचे तसे नाही. इंजिन बदलता येते, पण त्याचा क्रमांकही आरसीवर असतो, म्हणून बदल नोंदवावा लागतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीतील तपशील उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलांपासून वेगळे ठरतील असा फेरफार मालकाला करता येत नाही. त्याच मेकचे, त्याच प्रकारचे इंजिन असेल तर प्रश्न लहान असतो. पेट्रोलच्या जागी मॅटाडोरचे डिझेल इंजिन बसवायचे असेल, तर आधी मंजुरी घ्यावी लागते. परवानगी नसलेल्या फेरफारासाठी २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. नवे क्रमांक विमा कंपनीलाही कळवावेत.

आता दुसऱ्या गाडीविषयी, कारण खरी गुंतागुंत तिथेच असते. भंगाराच्या दुकानातून आणलेल्या गाडीची पावती बहुतेकदा अर्ध्या पानाची असते आणि तिच्यावर ‘जुनी फियाट, एक नग’ एवढेच लिहिलेले असते. विकणाऱ्याची स्वतःची मालकी नसेल तर त्याच्याकडून आपल्याला मालकी मिळत नाही, आणि गाडीवर बँकेचा बोजा असेल तर तो सुटे भाग काढल्याने उतरत नाही. म्हणून चेसीस व इंजिन क्रमांकासह विक्रीपत्र, मूळ आरसी किंवा तिची प्रत आणि विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत घ्यावी. गाडीचा सांगाडा निकामी होणार असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीकृत मालकाने चौदा दिवसांत, किंवा शक्य तितक्या लवकर, नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवून आरसी परत करायची असते. हे काम टाळण्याकडे सर्वांचा कल असतो. परंतु ज्याच्या नावावर गाडी आहे तोच कायद्याने मालक मानला जातो, आणि विक्रीनंतर नाव न बदलल्यामुळे अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकावर येऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

पूर्ण गाडी महाराष्ट्रातून आणून इथे वापरायची असेल, तर कोल्हापूर आरटीओची ना हरकत घ्यावी आणि बारा महिन्यांहून अधिक काळ कर्नाटकात ठेवल्यास इथला नवा क्रमांक घ्यावा लागतो. आपल्या भागाची एक जुनी अडचणही नोंदवावीशी वाटते : १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, मग म्हैसूर राज्यात आला आणि १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. त्यामुळे आजोबांच्या जीपच्या बुकावरील शिक्के आणि आजची संगणकीय नोंद जुळत नाहीत, आणि बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुन्या बुकातली नोंद संगणकात चढवून घेणे, करून घ्यावी लागते. आजोबांच्या नावावरची गाडी असेल तर आधी फॉर्म ३१ ने वारसाच्या नावे हस्तांतर करावे. सर्व भावंडांची संमती असणे बरे, नाहीतर गाडी उभी राहण्याआधी भांडण उभे राहते.

पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ नोंदणी करायची असल्यास हात अधिकच आखडता ठेवावा. २०२१ च्या नियमांनुसार गाडी मूळ रूपात हवी. चेसीस, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरफार झालेला असता कामा नये. पहिल्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये असून नोंदणी दहा वर्षे चालते, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी चालवता येत नाही. दुसऱ्या गाडीच्या बंपर, काचा, दारे यांनी काही बिघडत नाही, पण अर्धी बॉडी जोडली की व्हिंटेज नोंदणी धोक्यात येते, असा आमचा सल्ला आहे.

आमची पद्धत अशी की, दोन्ही गाड्यांचे क्रमांक ग्राहकासमोर तपासून पेन्सिल प्रिंट फाइलला लावतो, आणि दुसऱ्या गाडीचे जे भाग वापरले त्यांची यादी तारखेसह देतो. गाडी आणताना दोन्ही आरसी, विक्रीच्या पावत्या, बँकेचे कर्ज फिटल्याचे पत्र व विमा सोबत आणावा. आरसीची मुदत संपली असल्यास तसे सांगावे. मुदत संपल्याने मालकी जात नाही, मात्र नूतनीकरणाशिवाय रस्त्यावर गाडी चालवता येत नाही. क्रमांकाच्या जागेवर घरी ग्राइंडर किंवा पॉलिश पेपर फिरवू नये. जुन्या रंगाचे थर आम्ही रंग काढायच्या द्रावणाने, आपल्या उपस्थितीत उतरवतो.