भाषिक अल्पसंख्याक (बेळगाव सीमाभाग)

राज्यातील बहुसंख्यांच्या भाषेहून वेगळी मातृभाषा असलेल्या समूहाला भारतात भाषिक अल्पसंख्याक म्हणतात. राज्यघटनेत हा शब्द येतो, पण त्याची व्याख्या कुठेच दिलेली नाही. वांशिक अल्पसंख्याक ही संज्ञा तर भारतीय कायद्याने स्वीकारलेलीच नाही. कायदा धर्म आणि भाषा या दोनच कसोट्या मानतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील मराठी भाषकांना हे बिरूद १ नोव्हेंबर १९५६ रोजी लागले. लोकांच्या तोंडी मात्र ते क्वचितच असते. घरी-दारी शब्द चालतात ते सीमावासीय, सीमाबांधव किंवा नुसते ‘आम्ही सीमाभागातले’.

हे लेबल माणसाला नव्हे, रेषेला चिकटलेले असते. याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण चंदगडचे. चंदगड आणि खानापूर हे दोन्ही तालुके मुंबई राज्याच्या बेळगाव जिल्ह्यात होते. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात चंदगड वगळून बाकीचा बेळगाव जिल्हा कर्नाटकाला देण्याची शिफारस केली. त्यानुसार चंदगड कोल्हापूर जिल्ह्यात गेला आणि खानापूर म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात). भाषा, पाहुणेरावळे, आठवडी बाजार काहीच बदलले नाही. पण एका तालुक्यातला मराठी माणूस बहुसंख्याक राहिला आणि शेजारच्या तालुक्यातला अल्पसंख्याक झाला. नागरिकत्व दोघांचे तेच राहिले, कारण भारतात राज्याचे वेगळे नागरिकत्व नसते.

एकक कोणते, यावर सगळे अवलंबून

टी.एम.ए. पै खटल्यात (२००२) सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की अनुच्छेद ३० साठी (अल्पसंख्याकांचा स्वतःच्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क) अल्पसंख्याक कोण हे राज्य हे एकक धरून पाहायचे. २०११ च्या जनगणनेनुसार कर्नाटकात मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ३.४ टक्के, तर बेळगाव जिल्ह्यात १८ ते १९ टक्क्यांच्या आसपास आहेत. खानापूर तालुक्यात मात्र मराठी भाषकच जास्त. म्हणजे खानापुरातला मराठी माणूस गावात बहुसंख्याक, जिल्ह्यात अल्पसंख्याक आणि राज्यात नगण्य.

संरक्षणाच्या तरतुदींची एकके याहून वेगळी आहेत आणि वादाचे मूळ तिथेच आहे. जिल्हा, तालुका वा नगरपालिका क्षेत्रात एखाद्या भाषेचे लोक किमान १५ टक्के असतील, तर महत्त्वाच्या सूचना, नियम आणि मतदार याद्या त्या भाषेतही द्याव्यात, असे केंद्र आणि राज्यांनी मान्य केलेल्या योजनेत आहे. जिल्ह्यात ६० टक्के लोकांची भाषा राज्यभाषेहून वेगळी असेल, तर ती त्या जिल्ह्यात जोडीची राजभाषा करता येते. प्राथमिक शाळेत एका वर्गात १० किंवा पूर्ण शाळेत ४० मुले असली की मातृभाषेतून शिकवण्याची सोय करावी, हा निकष १९४९ पासूनचा आहे. सरकारी परिपत्रके मराठीतही मिळावीत ही सीमाभागातील मागणी उभी आहे ती १५ टक्क्यांवर. तिच्यावर ‘जिल्ह्यात मराठी ६० टक्के नाही’ असे उत्तर देणे म्हणजे एका प्रश्नाला दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देणे होय. सीमाभागातील बराच पत्रव्यवहार या घोळात वाया जातो. आणखी एक अडचण आहे. या सवलती कायद्यात नाहीत, त्या राज्यांनी मान्य केलेल्या योजनेत आहेत, त्यामुळे त्यांच्यासाठी थेट न्यायालयात जाणे अवघड पडते.

घटनेतला आधार सातव्या दुरुस्तीने (१९५६) आला. अनुच्छेद ३५०अ मातृभाषेतील प्राथमिक शिक्षणाबद्दल आहे आणि ३५०ब भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या विशेष अधिकाऱ्याबद्दल. हे आयुक्तपद १९५७ मध्ये निर्माण झाले. मुख्यालय अलाहाबादला ठेवून ज्या शहरांत विभागीय कार्यालये काढली त्यात बेळगाव होते, यावरूनच या पट्ट्याचे वजन लक्षात यावे. आयुक्तांचा अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेपुढे जातो. शिफारशी मात्र राज्यावर बंधनकारक नसतात.

अर्ज कसा करतात, कुठे अडतो

अनुच्छेद ३५० नुसार कोणत्याही व्यक्तीला गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत, कोणत्याही अधिकाऱ्याकडे देता येते. बेळगावात मराठीतून निवेदन देणारे जाणकार विषयाच्या ओळीतच हा अनुच्छेद लिहितात, दोन प्रती नेतात आणि दुसरीवर आवक शिक्का, तारीख व क्रमांक घेऊनच टेबल सोडतात. ‘कन्नडमध्ये लिहून आणा’ असे तोंडी सांगून अर्ज परत केला, तर घडले काय याचा पुरावाच उरत नाही. अशा वेळी तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवणे उत्तम.

मर्यादाही ओळखून असावे. हा अनुच्छेद निवेदन देण्याचा हक्क देतो, त्याच भाषेत उत्तर मिळण्याचा नाही. शिवाय तो गाऱ्हाण्यांपुरता आहे. जमिनीच्या उताऱ्यासाठी (महाराष्ट्रातला सातबारा, इकडे ‘आरटीसी’) लागणारा ठरावीक नमुना भरताना त्याचा उपयोग होत नाही. सीमाभागातल्या शेतकऱ्याला कन्नड उतारा वाचून घेण्यासाठी दुसऱ्याकडे जावे लागते, ही रोजची बाब आहे.

रकान्यात काय लिहितात

२०११ च्या जनगणनेच्या कुटुंब अनुसूचीत मातृभाषा हा दहावा प्रश्न होता आणि अवगत असलेल्या इतर भाषा अकरावा. लहानपणी आईने मुलाशी ज्या भाषेत बोलणे केले ती मातृभाषा, अशी सूचना आहे; आई लवकर वारली असल्यास तेव्हा घरात बोलली जाणारी भाषा लिहायची. शाळेचे माध्यम किंवा घरातले वर्तमानपत्र यांचा संबंध नाही. तरीही तीन चुका सर्रास होतात. घरातल्या सर्वांची मातृभाषा एकच धरली जाते, त्यामुळे कानडी माहेरची सून कागदावर मराठी होते. खानापूरच्या जंगलपट्ट्यातली कोकणी कधी मराठीत जाते, कधी वेगळी मोजली जाते. आणि ‘मराठी’च्या जागी ‘मराठा’ लिहिले जाते.

ही तिसरी चूक क्षुल्लक नाही. मराठा ही जात आहे. धारवाड-हुबळीकडे कन्नड बोलणारी मराठा घराणी आहेत आणि बेळगावात मराठी बोलणारे लिंगायत, जैन, ब्राह्मण, दलित, ख्रिस्ती आहेत. कर्नाटकात मराठा समाज मागासवर्गीयांच्या ३-ब प्रवर्गात मोडतो. नोव्हेंबर २०२० मध्ये कर्नाटक सरकारने मराठा विकास मंडळाची घोषणा केली, तेव्हा कन्नड संघटनांनी ५ डिसेंबरला बंद पुकारला. जातीसाठीचे मंडळ भाषेसाठीचे समजले गेले, निदान तसे समजण्यात अनेकांची सोय होती.

दुसरी गल्लत ‘अल्पसंख्याक’ या शब्दाचीच. राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाच्या १९९२ च्या कायद्याखाली अधिसूचित आहेत ते मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन. शिष्यवृत्तीच्या केंद्रीय अर्जात ‘मायनॉरिटी: होय’ अशी खूण करणाऱ्या मराठी हिंदू विद्यार्थ्याचा अर्ज म्हणूनच बाद होतो. बेळगावचा मराठी भाषक जैन दोन्ही अर्थांनी अल्पसंख्याक असतो. उर्दू भाषक मुसलमानाचेही तसेच.

देश आणि राज्य

सीमाप्रश्नातला ‘सीमा’ हा शब्द बाहेरच्यांना देशाच्या सीमेची आठवण करून देतो. इथला वाद मात्र कधीच भारताशी नव्हता. बेळगावचा मराठी माणूस आपली बाजू मांडताना राष्ट्रीय दाखलेच पुढे करतो: टिळकांची १९१६ ची होमरूलची हाक, गांधीजींच्या अध्यक्षतेखालील १९२४ चे काँग्रेस अधिवेशन, कॅम्पातले मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र. १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला हा दाखलाही त्याच दमात येतो. कन्नड बाजूही १९२४ हेच वर्ष सांगते, कारण कर्नाटक एकीकरणाची परिषदही तेव्हा इथेच भरली होती. भारतीय असण्याबद्दल कोणाला शंका नाही. भारतीय व्हायचे ते कोणत्या राज्यामार्फत, हा तंटा आहे.

म्हणूनच १ नोव्हेंबरला एकाच शहरात दोन दिवस साजरे होतात: चन्नम्मा चौकाकडे राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे आणि मराठी वस्त्यांतून काळ्या दिनाची फेरी. १७ जानेवारी हा १९५६ च्या गोळीबारातील हुतात्म्यांचा दिवस, तर १ जून हा १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातील हुतात्म्यांचा, हिंडलग्याच्या स्मारकापाशी. येळ्ळूरच्या वेशीवर ‘महाराष्ट्र राज्य येळ्ळूर’ असा फलक होता. न्यायालयाच्या आदेशावरून जुलै २०१४ मध्ये तो पाडला गेला आणि त्यानंतर गावात लाठ्या चालल्या. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बेळगावचे अधिकृत नाव ‘बेळगावी’ झाले. मराठीत लिहिताना बेळगाव लिहिणे ही तेव्हापासून एक भूमिकाही ठरते. दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड ठेवण्याच्या नियमाने हाच वाद इंच-फुटांत आणून ठेवला.

महाराष्ट्रातही हे लोक पुरते ‘आपले’ ठरत नाहीत. ‘काय करायलास?’, ‘मी जायलोय’ ही रूपे आणि मुलींच्या तोंडचे ‘मी आलो’ ऐकले, की पुण्यात ‘तुम्ही कन्नड का?’ असे विचारले जाते. कर्नाटकात मराठी, महाराष्ट्रात कानडी. मतदानातही साधे गणित राहिलेले नाही. २०२१ मध्ये महापालिकेची निवडणूक पहिल्यांदा पक्षचिन्हांवर झाली आणि भाजपने ५८ पैकी ३५ जागा घेतल्या. निवडून आलेल्यांत मराठी भाषक अनेक होते.

महाजन आयोगाने (१९६७) महाराष्ट्राने मागितलेल्या ८१४ गावांपैकी सुमारे २६० गावे महाराष्ट्राला आणि महाराष्ट्रातील २४७ गावे कर्नाटकाला सुचवली. बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवले. महाराष्ट्राने अहवाल नाकारला आणि २००४ मध्ये अनुच्छेद १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. आता मागणी ८६५ गावांची आहे. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्लीतील बैठकीत, निकाल लागेपर्यंत कोणीही नवा दावा करायचा नाही असे दोन्ही मुख्यमंत्र्यांनी मान्य केले.

प्रवेशाच्या खिडकीवर

या लेबलांचा नेमका उपयोग दरवर्षी प्रवेशाच्या मोसमात दिसतो. महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशात ‘ई’ प्रकारचा उमेदवार म्हणजे वादग्रस्त सीमाभागातून दहावी किंवा बारावी झालेला आणि मातृभाषा मराठी असलेला. त्यासाठी दोन प्रमाणपत्रे लागतात, एक सीमाभागातील असल्याचे आणि दुसरे मातृभाषेचे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मातृभाषा ‘कन्नड’ पडलेली असेल तर इथेच गाडी अडते. ती दुरुस्ती शाळेतूनच, दाखला हातात पडण्याआधी करून घ्यायची असते. तोच विद्यार्थी कर्नाटकाच्या सीईटीसाठी राज्यात किमान सात वर्षे शिकल्याची प्रमाणपत्रे गोळा करून स्थानिक म्हणून अर्ज भरतो. त्या सीईटीच्या नियमांत ‘गडिनाडु कन्नडिग’ अशी तरतूद आहे: जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि गडहिंग्लज तालुक्यांत शिकलेल्या, कन्नड मातृभाषेच्या मुलांसाठी. गडिनाडु म्हणजे सीमाभाग.